लव्हॉनच्या मापाची गाडी

व्हर्लिन कुचेराची जुनी डिझेल पिकअप बंद पडली ती नेमकी नॉर्थ प्लॅट शहराहून परत येताना, फेब्रुवारीतल्या कडाक्याच्या थंडीत. गाडी त्याची बायको लव्हॉन चालवत होती. व्हर्लिन शेजारी घोंगडी पांघरून, डोळे मिटून बसला होता. डायलिसिसवरून येताना तो नेहमी तसाच असायचा, पिळून टाकलेल्या कपड्यासारखा. इंजिनाने दोन-तीन आचके दिले आणि मान टाकली. दोन्ही बाजूंना वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर बर्फ, आणि फोनला रेंज नाही. लव्हॉनने अंगातला कोट काढून त्याच्या पायांवर टाकला आणि स्वतः नुसत्या स्वेटरवर कुडकुडत बसली.

"मरशील अशाने," व्हर्लिन म्हणाला.

"आधी तुझा नंबर," ती म्हणाली.

त्यांच्या संसारात असली बोलणी रोजचीच होती. दोघंही थोडी हसली. शेवटी चाऱ्याचा ट्रक घेऊन जाणारा एक जण थांबला आणि त्यांना ओढत गावी घेऊन आला. त्या रात्री व्हर्लिनचे पाय काही केल्या गरम होईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "गाडी बदलू या."

लव्हॉनला आपल्या कानांवर विश्वास बसेना. व्हर्लिनने उभा जन्म पवनचक्क्या दुरुस्त करण्यात घालवला होता. नेब्रास्काच्या त्या टेकड्यांत कुरणामागून कुरण पसरलेलं, आणि गुरांना पाणी मिळायचं ते पवनचक्कीने उपसलेलं. ती डिझेल गाडी म्हणजे त्याची कार्यशाळा होती. पाइप, पाने, दोरखंड, मागे जड सामान उचलायचा लोखंडी हात, सगळं तिच्यावर. मूत्रपिंडं गेल्यावर धंदा सुटला, पण गाडी सुटली नव्हती. "मला हिच्यातूनच पुरायला न्या," असं तो सांगत असे.

लव्हॉनच्या मनात एखादी मोठी, ऐसपैस कार होती. सीट मागे पाडून व्हर्लिनला आडवं होता आलं असतं, सीटला ऊब असती. आठवड्यातून तीनदा इतक्या लांब जायचं म्हणजे काय थट्टा आहे? पण व्हर्लिनने दुसरंच काढलं. डायलिसिसच्या खुर्चीत तासन्‌तास पडून तो गाड्यांची मासिकं वाचायला लागला. नर्सना विचारी, शेजारच्या खुर्चीतल्या पेशंटांना विचारी.

"छोटी पिकअप घ्यायची. हायब्रिड," एक दिवस त्याने जाहीर केलं.

"विजेची? इथे? मध्येच बॅटरी उतरली म्हणजे?"

"अगं, पेट्रोलचं इंजिन आहेच. जोडीला बॅटरी. ब्रेक दाबला की ती आपली आपण भरते. वायर लावायची भानगड नाही. डिझेलला लागतं त्याच्या निम्म्याहून कमी तेलात नॉर्थ प्लॅटला जाऊन येशील."

"आणि तू झोपणार कुठे? मागे हौद्यात?"

"हौदा पाहिजेच," तो हट्टाने म्हणाला. "कुत्र्याचं खाणं, मिठाच्या गोण्या, सरपण. इथे हौद्यावाचून माणूस राहू शकत नाही. कार घेऊन काय चर्चला मिरवायला जायचं?"

गावातल्या कॅफेत ही बातमी गेली तेव्हा डुएन पोकॉर्नीने व्हर्लिनला धारेवर धरलं. डुएन म्हणजे त्याचा धंद्यातला जुना जोडीदार. दोघं वर्षानुवर्षं एकाच मनोऱ्यावर लटकत आले होते.

"ऐकलं ते खरं का रे? शिलाई मशीन घेतोयस?"

"हळू बोल. तुझ्या गाडीची टाकी आधी भरून घे, कर्ज काढून."

"मी म्हणतो, रविवारी नातवाला द्यावी खेळायला. पावसाबिवसात तेवढी घरात घेत जा."

सगळे हसले. व्हर्लिनही हसला. त्याच्या पुढ्यात जर्दाळू भरलेला गोड पाव, कोलाचे, होता. पथ्यामुळे तो खायचा नव्हता, पण तो मागवून बशीत ठेवायची त्याला सवय होती. तो लव्हॉनकडे बघून म्हणाला, "चालवणार ही आहे. हिला आवडली म्हणजे झालं."

मार्चमध्ये एका डायलिसिसच्या दिवशी, वेळेआधीच निघून ती दोघं नॉर्थ प्लॅटच्या शोरूममध्ये गेली. अशा गाडीसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं, पण एक गिऱ्हाईक मागे फिरल्यामुळे तिथे एक उभी होती. रंग मात्र शिजवलेल्या भोपळ्यासारखा. कोल्बी नावाचा सेल्समन होता, तिशीतला, बोलका, पण माणूस बरा.

व्हर्लिनने काठी टेकत गाडीला एक फेरी मारली. मग लव्हॉनला म्हणाला, "बस."

ती बसली. त्याने सीट पुढे घ्यायला लावली, उंच करायला लावली. आरसे तिच्या नजरेला जुळवून घेतले. जुन्या गाडीत तिला पाठीमागे उशी घ्यावी लागायची आणि तरी पाय क्लचपर्यंत जेमतेम पोचायचे. इथे सगळं हाताशी, पायाशी होतं. मग त्याने कोल्बीला शोरूमच्या दारातल्या बर्फावर टाकायला ठेवलेली मिठाची गोणी आणायला सांगितली.

"ही बाजूने चढव," तो लव्हॉनला म्हणाला.

जुन्या गाडीच्या हौद्याची भिंत तिच्या खांद्याला लागायची. ही कमरेच्या थोडी वर. तिने गोणी उचलून आत टाकली. धाप लागली, पण जमलं.

"आता काढ."

"मॅडमना कशाला त्रास? मी आहे की," कोल्बी म्हणाला.

"तू घरी येणार आहेस का तिच्या?" व्हर्लिनने विचारलं.

कोल्बी बाजूला झाला. लव्हॉनने गोणी काढली.

"चारही चाकं ओढणारी आहे ना?"

"हो, मिस्टर कुचेरा. बर्फाची काळजीच नको."

"आणि बॅटरीची हमी?"

"आठ वर्षं."

"आठ वर्षं," व्हर्लिन पुटपुटला आणि त्याने मनाशी काहीतरी हिशेब केला. "मग पुढे एवढं चालवायचं वयही राहणार नाही हिचं."

हिचं. लव्हॉनच्या कानाला ते टोचलं, पण तिने सोडून दिलं. ती खाली उतरून म्हणाली, "आता तू बस शेजारी. चढता-उतरता येतं का ते बघू. चाकांची खुर्ची मागे बसते का तेही बघायला हवं."

"राहू दे."

"राहू दे काय? तुझ्यासाठी तर घेतोय."

"तू फिरवून आण. मी इथे कॉफी पितो."

त्याला कॉफीही मोजूनमापून होती. कोल्बी जमिनीकडे बघायला लागला.

लव्हॉन कोल्बीला घेऊन चक्कर मारून आली. गाडी सिग्नलला थांबली की इंजिन गप्प व्हायचं, सगळं सामसूम. तिला ते विचित्र वाटलं. परत येऊन गाडी उभी करताना तिला काचेपलीकडे व्हर्लिन दिसला. काठीवर दोन्ही हात ठेवून तो तिच्याकडे बघत होता. ती नजर तिच्या ओळखीची होती. पवनचक्की जोडून झाली की तो मनोऱ्यावरून उतरायचा, चार पावलं मागे जायचा आणि वाऱ्यावर चाक नीट फिरतंय का ते असाच बघत राहायचा. फिरलं की सामान गोळा करून निघायचा. पुन्हा त्या कुरणाकडे वळूनही बघत नसे.

लव्हॉनचे हात स्टिअरिंगवरच राहिले. कोल्बीने दार उघडून धरलं तरी तिला उतरता येईना.

डायलिसिस उरकून घरी जाताना, गाव मागे पडल्यावर तिने विचारलं, "हे डायलिसिस कधी थांबवणार आहेस?"

व्हर्लिनने आढेवेढे घेतले नाहीत. "ईस्टर झाला की."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, तुमची मर्जी."

"म्हणजे डॉक्टरांना माहीत, नर्सना माहीत. त्या पोराला, कोल्बीलासुद्धा कळलं. आणि मी आरसे जुळवत बसले."

"तुला सांगितलं असतं तर तू गाडी बघायला आली नसतीस."

"नसतेच आले."

"मग तुला त्या डिझेलच्या धुडाबरोबर सोडून जाऊ? लव्हॉन, मला आता नाही होत. यात जगणं काही उरलं नाही. एक दिवस मशीनवर, एक दिवस त्यातून सावरायला."

"गाडी कुठली घ्यायची त्याची दीड महिना चर्चा केलीस माझ्याशी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण फाटला. "रंगसुद्धा विचारलास. आणि हे एकट्याने ठरवलंस."

त्याने तिच्या हातावर हात ठेवायचा प्रयत्न केला. तिने गिअर बदलण्याच्या निमित्ताने हात काढून घेतला.

घरी पोचल्या पोचल्या तिने शोरूमला फोन लावला आणि गाडी नको म्हणून सांगितलं. व्हर्लिन स्वयंपाकघरात बसून ऐकत होता. तिने फोन ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. गाडी नाही तर जाणंही नाही, असा तिचा सरळ हिशेब होता. तो मूर्खपणाचा आहे हे तिला कळत होतं. तरी तिने तो सोडला नाही.

ईस्टर आला आणि गेला. सोमवारी सकाळी व्हर्लिन मुकाट कोट घालून डिझेल गाडीशी जाऊन उभा राहिला. ती नेत राहिली, तो जात राहिला. दोघांत जेवणापुरतं, औषधापुरतं बोलणं उरलं. त्याच्या त्या आज्ञाधारकपणाची तिला चीड यायची. भांडला असता तर बरं झालं असतं.

एप्रिल निम्मा सरला असेल. त्या दिवशी ती विणकाम घेऊन त्याच्या खुर्चीशेजारी बसली होती. मशीन सुरू होऊन बराच वेळ झाला होता. व्हर्लिनच्या पायांत गोळे आले. ते नेहमीच यायचे, पण तेव्हा नर्स तिला बाहेर पाठवत असत. त्या दिवशी नर्स दुसऱ्या पेशंटपाशी अडकली होती. व्हर्लिनने घडी घातलेला टॉवेल दातांत धरला. पायाची बोटं वाकडी होऊन एकमेकांवर चढली, पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. लव्हॉन विणकाम टाकून पोटऱ्या चोळू लागली, पण तिच्या बोटांखाली काहीच सैल होईना. मग त्याचा रक्तदाब उतरला, चेहरा राखेसारखा झाला आणि टॉवेलसकट त्याला उलटी झाली. नर्स धावत आली, तिने खुर्ची आडवी केली. शुद्धीवर आल्यावर व्हर्लिनने पहिलं काय केलं असेल, तर लव्हॉनच्या स्वेटरवर उडालेलं पुसायला हात पुढे केला.

"नेहमी असं होतं?" तिने नर्सला विचारलं.

नर्सने आधी व्हर्लिनकडे पाहिलं. मग म्हणाली, "बऱ्याचदा."

लव्हॉन उठली आणि तोंड धुऊन चालतच शोरूमला गेली. अंतर बरंच होतं, वारा समोरून होता. भोपळ्याच्या रंगाची गाडी होती तिथेच उभी होती.

"तुमच्यासाठी ठेवली असं खोटं नाही सांगत," कोल्बी म्हणाला. "हा रंग कुणी घेईना."

"मी घेते," ती म्हणाली. "डिझेल दवाखान्यापाशी उभी आहे. ती नंतर घेऊन जा."

संध्याकाळी नर्स व्हर्लिनला चाकांच्या खुर्चीतून दारापर्यंत घेऊन आली. समोर भोपळ्याच्या रंगाची गाडी उभी होती. लव्हॉनने शेजारचं दार उघडलं आणि त्याला काखेत धरून आत बसवलं. चढायला सोपं होतं. त्याची काठीही पायाशी नीट मावली. खुर्ची तिने घडी करून हौद्यात टाकली.

"इंजिन चालू केलंस का?" गावाबाहेर पडताना त्याने विचारलं.

"आपण चाललोय, व्हर्लिन."

"आवाजच नाही." थोड्या वेळाने तो म्हणाला, "थँक यू."

"मला थँक यू म्हणू नकोस," ती म्हणाली. "मला हे मान्य नाही. मी फक्त गाडी घेतली."

"बरं," तो म्हणाला.

त्यानंतर तो पुन्हा नॉर्थ प्लॅटला गेला नाही. घरी एक नर्स येऊन औषध देऊन जाई. पहिले काही दिवस बरे गेले. जे नको होतं ते सगळं त्याने खाल्लं. केळी, बटाटे, कोलाचे. डुएन रोज येऊन बसायचा आणि दोघं कुठल्या चक्कीवर कोण कधी पडता पडता वाचला ते उगाळत बसायचे. मग खाज सुरू झाली, मग झोप. लव्हॉन त्याच्या अंगाला मलम लावायची आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडायची. शेवटच्या दिवशी तिने भांडण तोंडाने काढलं. "माझं कोण बघणार, याचा विचार केलास, पण मी कोणाशी बोलणार, याचा नाही केलास," ती म्हणाली. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. दुपारी त्याचा श्वास थांबला.

मुलगी ओमाहाहून आली, महिनाभर राहिली. "आई, चल माझ्याकडे," म्हणाली. लव्हॉन गेली नाही. मीठ आणत होती, कुत्र्याचं खाणं आणत होती, गोण्या स्वतः चढवत होती. व्हर्लिन म्हणाला होता तसंच होत होतं. गाडी तेल पीत नसे. एकदा टाकी भरली की कितीतरी आठवडे पंपाचं तोंड बघावं लागत नव्हतं. तसं तिला जायचंही कुठे नसायचं.

ऑक्टोबरात घरामागच्या कुरणातली पवनचक्की करकरायला लागली. तेल द्यायला डुएन आला, पण त्याची स्वतःची गाडी गॅरेजात होती. लव्हॉनने त्याला आपल्या गाडीत घातलं आणि कुरणात शिरली. पहिल्या टेकडीपर्यंत सगळं ठीक होतं. पलीकडच्या उतारावर मऊ वाळू लागली आणि गाडीचं पोट टेकलं. चारही चाकं जागच्या जागी फिरत खोल खोल जाऊ लागली.

"बंद कर," डुएन म्हणाला. "उंची नाही हिला. ही रस्त्यावरची गाडी आहे."

"त्याला माहीत नव्हतं?"

"व्हर्लिनला? चांगलं माहीत होतं. तू एकटी कुरणात जाणार नाहीस असं धरून चालला असेल."

डुएन खाली उतरला आणि हौद्यातल्या फावड्याने चाकांपुढची वाळू ओढू लागला. लव्हॉन आत बसून राहिली. मग तिने काच खाली केली आणि बोलायला सुरुवात केली. सगळं धरून चालतो, विचारत नाही, कधी विचारलंच नाही, लग्नातसुद्धा घर आधी घेतलं आणि मग सांगितलं. ती व्हर्लिनला नाही नाही ते बोलली, चर्चमध्ये जाणाऱ्या बाईने तोंडात आणू नये ते शब्दही वापरले. आवाज चढत गेला, शेवटी घसा बसला आणि नुसतं रडणं राहिलं.

डुएनने मान वर केली नाही. त्याने पुढची चाकं मोकळी केली आणि मागच्या चाकांकडे गेला. वरती चक्की वाऱ्याबरोबर करकरत होती. खूप वेळ गेल्यावर तो खिडकीशी आला.

"रिव्हर्स टाक," तो म्हणाला. "हळू. मी ढकलतो."

तिने डोळे पुसले आणि रिव्हर्स टाकला.