सौनातली खुंटी

गोठलेल्या तळ्यात बुडी मारायची तर बर्फाला भोक त्रिकोणी पाडायचं. कोपऱ्यात दोन्ही कडांवर हात टेकता येतात, म्हणून माणसाला वर येणं सोपं जातं. मग भोकापासून चारी बाजूंना, चाकाच्या आऱ्यांसारखे, बर्फावरच्या भुसभुशीत हिमाचे पट्टे फावड्यानं साफ करायचे. तिथून उजेड खाली जातो आणि खालच्याला भोक कुठं आहे ते कळतं.

शनिवारी सकाळी हे सगळं तैस्तो, त्याची बायको लेम्पी आणि मी मिळून केलं. दुपारी कुओपिओ शहरातून चार पाहुणे बुड्या मारायला येणार होते. त्याआधी तैस्तो एकटा खाली जाऊन मार्ग तपासून येणार होता.

तैस्तो बावन्न वर्षांचा आहे, पण तिसरीत माझ्या वर्गात होता, म्हणून अजून मला बाई म्हणतो. दोर धरायचं काम माझं. मिनिटाला एक हिसका मी द्यायचा, एक त्यानं परत द्यायचा, म्हणजे सगळं ठीक. उत्तर आलं नाही तर लगेच ओढायला लागायचं.

"बाई, सारखं ओढत जाऊ नका हो," दोर बांधून घेताना तो म्हणाला. "मी काय तुमचं कुत्रं आहे?"

"कुत्रं ऐकतं तरी," लेम्पी म्हणाली. तीही बुडीचा पोशाख चढवून कडेला बसली होती. दोर अडकला तर तिनं उतरायचं.

पारा उणे एकवीसवर होता. टाकीतली हवा तोंडात देणारे दोन रेग्युलेटर बुडी मारणाऱ्याकडे असतात. अशा थंडीत त्यांतून बाहेरच्या हवेत श्वास घेतला तर श्वासातली वाफ आत गोठते. तैस्तोला हे पक्कं ठाऊक. तोंड पाण्याखाली गेल्यावरच त्यानं पहिला श्वास घेतला.

तीन मिनिटं हिसके बरोबर आले. साफ केलेल्या पट्ट्याखालून त्याचे बुडबुडे सरकताना दिसत होते. मग एका जागी, दूध उतू जावं तसा, पांढरा फेस पसरला. मी हिसका दिला. उत्तर नाही.

मी ओढायला लागले. सावकाश, पण न थांबता. झटका दिला तर तोंडातली नळी निसटते. दोराला दर मीटरला गाठ आहे, मी मोठ्यानं गाठी मोजत होते. लेम्पीनं मुखवटा चढवून पाय पाण्यात सोडले. अठरा गाठींपैकी पाच उरल्या असताना बुडबुडे थांबले. म्हणजे हवा संपली होती. माझे हात तसेच चालू राहिले.

तो वर आला तेव्हा ओठ निळे होते. लेम्पीनं त्याला काखांत धरून बर्फावर ओढून घेतलं. बराच वेळ तो नुसता खोकत होता.

झोपडीत शेकोटीपाशी त्यानं सांगितलं, की एक रेग्युलेटर गोठून त्याची झडप उघडीच राहिली आणि हवा सुसाट सुटली, म्हणून त्यानं दुसरा तोंडात धरला, तर तोही तसाच. हिसका द्यायला हात मोकळा नव्हता.

"दोन्ही एकदम कसे गोठले?" लेम्पीनं विचारलं.

त्यानं आगीत एक लाकूड सारलं. "रात्री सौनात टांगले होते. ऊब राहील म्हणून."

रात्री आम्ही तिघंही त्याच सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, तापल्या दगडांवर पाणी टाकत बसलो होतो. तीच वाफ रेग्युलेटरांत शिरली आणि सकाळी बाहेर आणल्यावर तिचा बर्फ झाला. खुंटीवर काय टांगलंय, ते मीही पाहिलं नव्हतं.

"आणि पाहुण्यांचे?" मी विचारलं.

"तेही तिथंच, बाई."



पाहुणे आल्यावर तैस्तोनंच त्यांना सगळं सांगितलं, कोणी विचारायच्या आधी. आज बुडी नाही, सामान दिवसभर कोरड्या खोलीत वाळवायचं. पाहुण्यांनी माशाचं सूप खाल्लं, आणि तैस्तोनं भोकाभोवती स्प्रूस झाडाच्या फांद्या रोवल्या, स्कीवरून येणारं कोणी आत पडू नये म्हणून.

रविवारी आधी लेम्पी उतरली. दोर तैस्तोनं माझ्याकडून मागून घेतला. दर अर्ध्या मिनिटाला तो हिसका देत होता. दहा मिनिटांनी ती वैतागून वर आली.

"मला खाली काही बघू देशील का?"

"बघ की," तो म्हणाला. दोर मात्र त्यानं सैल सोडला नाही.