सासूबाईंच्या नावाचे प्रमाणपत्र

मी एका मोफत अभ्यासक्रमाचा शेवटचा धडा बोलतो आहे. लॉन्ड्रीवाल्या घरातील सासूबाईंच्या नावाने वृद्धसेवेचे प्रमाणपत्र निघाले, ते मीच काढले.

माझा जन्म एका निवृत्त परिचारिकेच्या बैठकीच्या खोलीत झाला. आपल्याला जे येते ते हवे त्याला मिळावे, म्हणून तिने भाचीकडून आम्हा सर्व धड्यांचे चित्रण करून घेतले आणि आम्हाला इंटरनेटवर मोकळे सोडले. पहिल्या धड्यावर झुंबड उडाली. तिसऱ्यापाशी ती ओसरली. माझ्याकडे चिटपाखरूही फिरकेना. फुकट मिळालेले अर्ध्यावर टाकताना माणसाचा जीव तुटत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

मग त्या घरातली सून आली. इस्त्री करता करता ती पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून आम्हाला ऐकत असे. चुकले तर हात धरून सांगणारे कुणी आमच्यापाशी नसते. ही उणीव तिने सासूबाईंना गादीवर निजवून भरून काढली.

"आई, अंग सैल सोडा ना. तुम्ही रुग्ण आहात."

"रुग्ण आहे गं, पोतं नाही! हळू वळव."

वृद्धाश्रमातल्या नोकरीवर सुनेचे डोळे लागले होते. तिथे प्रमाणपत्र हवे होते. एका दुपारी ती माझ्यापर्यंत पोहोचली, माझ्या परीक्षेची सगळी उत्तरे अचूक दिली आणि मी प्रमाणपत्र काढले. त्यावर नाव सासूबाईंचे! मोबाइल त्यांचा, खातेही त्यांचेच. मला माणूस दिसत नाही, नाव तेवढे दिसते.

दीर खो खो हसला. "आईला नोकरी लागली की! वहिनी, काळजी सोडा. संगणकावर नाव बदलून देतो, कुणाला पत्ता लागणार नाही."

सून हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. सासूबाई मात्र ताडकन उठून बसल्या.

"उद्या मीच त्या वृद्धाश्रमात खाटेवर पडले, तर खोटा कागद घेऊन आलेली बाई मला कुशीवर वळवणार? तुला काम येतं ना? मग पुन्हा दे परीक्षा, तुझ्या नावानं."

"अहो, पण मुलाखत परवा आहे!"

"मग झालं ते सांग त्यांना. तोंड दिलंय ना देवानं?"

सुनेने तिथूनच वृद्धाश्रमात फोन लावून झाले ते सांगितले. तिथल्या अधीक्षिकाबाई आधी हसल्या, मग म्हणाल्या, "परवा या आणि काम करून दाखवा. हात बसलेला दिसला, तर प्रमाणपत्रासाठी महिनाभर थांबेन."

वाचकहो, आमच्यापैकी कुणाचा हात धरलात, तर मध्येच सोडू नका. आणि जमल्यास घरातले एखादे माणूस सोबत घ्या.

शेवटी ठरले ते असे : सुनेने स्वतःच्या नावाने पहिल्या धड्यापासून आरंभ करावा. तोवर इस्त्री दिराने सांभाळावी; तो कुरकुरत का होईना, कबूल झाला. "उशी मऊ दे" एवढ्या अटीवर सासूबाई पुन्हा रुग्ण व्हायला राजी झाल्या. मला कुणी विचारले नाही, तरी माझीही संमती आहे. तिच्या नावाची जागा मी मोकळी ठेवली आहे.