किल्ली नसलेला डबा

सुरुवात.

वकीलबाईंनी आम्हाला बाल न्याय मंडळाच्या दाराबाहेर बाकावर बसवलं आणि दादाकडे बोट रोखलं. "आज कुलूप हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. किल्लीही नाही."

"धंदा विचारला तर?"

"दुरुस्ती."

"कशाची?"

"अहो, नुसती दुरुस्ती!"

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कुलपं दुरुस्त करतो आणि किल्ल्या बनवतो. त्याची चौदा वर्षांची मुलगी आत बसली होती. एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला खारू म्हणतो. सध्या ती मुलींच्या निरीक्षणगृहात होती. आज आमच्याबरोबर घरी येणार की पुन्हा तिकडेच जाणार, एवढंच ठरायचं होतं.

नाही. सुरुवात ही नव्हे.

सुरुवात, जरा आधीची.

खारूनं एका बंद घराचं दार उघडलं. त्या घरातले लोक गावाला गेले होते. सोबत शाळेतल्या तीन मैत्रिणी होत्या. त्या सोफ्यावर लोळल्या, गाणी लावली, बरणीतला जॅम बोटांनी चाटून संपवला आणि शेवटी नूडल्स करायला घेतल्या. गॅसवर भांडं राहिलं आणि सगळ्या गच्चीवर गेल्या. अर्धं स्वयंपाकघर जळालं. माणूस कोणी भाजलं नाही, हे नशीब.

तिघींच्या आयांचं एकच म्हणणं पडलं. "दार कोणी उघडलं?"

दार हिनंच उघडलं होतं. तेही केसातल्या पिनेनं.

त्यानंतर आम्हाला कारणं फुकट मिळायला लागली. शेजारीण म्हणाली, आई परगावी नोकरीला असली की असंच होतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मोबाइल. चौकशीला घरी आलेला मंडळाचा अधिकारी भला माणूस होता, चहा अर्धा ठेवून हळूच म्हणाला, संगत. खारूची मावशी फोनवर म्हणाली, लाड. दादा प्रत्येकाला "हो, तेच असणार" म्हणायचा आणि मग माझ्याकडे बघायचा, जणू यातलं खरं कोणतं ते मी शिवणाच्या टोपलीत लपवलंय.

हीसुद्धा सुरुवात नव्हे.

अजून मागे.

आमच्या घरात एक पत्र्याचा डबा आहे. आमच्या वडिलांनी सुरू केलेली रीत अशी, की खाऊ त्या डब्यात ठेवायचा, डब्याला कुलूप घालायचं आणि किल्ली फेकून द्यायची. उघडेल त्याचा खाऊ. आम्ही दोघं त्याच डब्यावर वाढलो. पुढे दादानं खारूसाठी तोच डबा खाली काढला. दर वाढदिवसाला कुलूप जरा अवघड व्हायचं. उघडलं की टाळ्या. तिची आई नर्सच्या नोकरीसाठी परगावी गेली त्या दिवशीही दादानं डबा भरून ठेवला होता. दुसरं काय करावं, त्याला सुचलं नाही.

वकीलबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे जे उघडता येतं ते आपलं, असं तुम्ही पोरीला शिकवलंत?"

पण मग आमचं काय? दादा रस्त्यात सापडलेली छत्री परत करायला अर्धं गाव पालथं घालतो. मी दुसऱ्याच्या दाराची कडी वाजवतानाही कचरते. डबा हेच कारण असेल तर आम्ही दोघं आजवर तुरुंगाबाहेर कसे? आणि नसेल, तर कुलूप हा शब्द टाळायचा कशाला? माझ्या डोक्याचा पार गुंता झाला होता. शिवणातला गुंता असता तर कातरीनं सोडवला असता.

आता आत.

आत कोर्टासारखा कठडा वगैरे नव्हता. लांब टेबल, प्लास्टिकची फुलं, कुरकुरणारा पंखा. अध्यक्षबाई मधे. बाजूला सदस्य म्हणून एक निवृत्त मास्तर. खारू खुर्चीच्या कडेवर बसलेली, पाय हलताहेत.

कारकून लोखंडी कपाटाशी झटत होता. आमचे कागद त्यात होते. कट्ट आवाज झाला आणि तो वळला तेव्हा त्याच्या हातात अर्धीच किल्ली होती.

"मोडली, मॅडम. पुढची तारीख देऊ या?"

पुढची तारीख म्हणजे तोवर खारू पुन्हा तिकडेच.

अध्यक्षबाईंनी दादाकडे पाहिलं. "तुमचं किल्ल्यांचं दुकान आहे ना? बघता का जरा?"

म्हणजे त्यांना सगळं माहीतच होतं. दादानं वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाईंनी छताकडे पाहिलं. आणि जन्मभर कुलपात जगलेला माझा भाऊ म्हणाला, "मला येत नाही."

खारूचे पाय थांबले.

"बाबा?" तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू एखादा ओळखीचा माणूस अनोळखी भाषेत बोलला. मग ती उभी राहिली. "मॅडम, मी उघडू?"

वकीलबाईंनी डोळे मिटले. मी मात्र वेगळ्याच विचारात अडकले. ही पोर विचारतेय. आमच्या घरात डबा उघडताना आजवर कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

मास्तर पुढे झुकले. "त्या घरात शिरताना का नाही विचारलंस असं?"

"कोणाला विचारणार? आत कोणी नव्हतंच."

मास्तर हसले की खोकले, कळलं नाही. "अगं, कोणी नव्हतं म्हणूनच तर..." म्हणाले आणि तिथेच थांबले.

"बस खाली," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बाबा उघडतील. येतं त्यांना."

दादा उठला. मागून त्याची मान लाल झालेली दिसत होती. कारकुनाची टाचणी घेऊन त्यानं मोडका तुकडा बाहेर काढला. टाचणी दोनदा निसटली, म्हणून वेळ लागला. एरवी चहा निवायच्या आत झालं असतं. दार उघडलं तेव्हा टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. खारूचे हात वर आले होते, ते तिनं मांडीखाली दाबले.

कागद वाचून झाले. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

"तुम्ही घाबरलात, हे कळलं मला," त्या दादाला म्हणाल्या. "पण घाबरल्यावर तुम्ही खोटं बोलता. घाबरल्यावर ही पोर काय करते, ते तुम्हा घरच्यांना अजून माहीत नाही. घरात घाबरल्यावर दुसरं काही करणारं कोणी आहे का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी शिवायला बसते," मी म्हणाले.

"हं. मग आत्याच्या ताब्यात देऊ."

खारू घरी येणार. दादाच्या नव्हे, माझ्या जबाबदारीवर. अधिकारी अधूनमधून येऊन जाणार. त्या घराची मालकीण तयार असली तर खारूनं शाळेनंतर ते जळालेलं स्वयंपाकघर रंगवायला जायचं. "बेल वाजवून," मास्तर म्हणाले. का झालं, याचा निकाल कोणीच दिला नाही. मी वाट बघत होते. पण पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं.

वाटेत खारूनं दादाचा हात धरला. सोडला. परत धरला. "बाबा, ते कपाट अगदीच सोपं होतं," ती म्हणाली.

"माहीत आहे गं."

"मग?"

दादानं तिला रस्त्याच्या कडेला घेतलं.

घर.

डबा फळीवरच होता. तिला निरीक्षणगृहात नेण्याआधी दादानं भरून ठेवलेला. कुलूप तसंच. खारू हातपाय धुऊन आली आणि डब्यासमोर उभी राहिली. केसात पिना होत्या. बोट वर गेलं, थांबलं.

"आत्या, उघडू?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. कागदावर नाव माझं होतं.

हो म्हणावं, तर याच डब्यानं तिला तिथवर नेलं असेल. नाही म्हणावं, तर आत्ता विचारलं ते पुन्हा कशाला विचारेल?

"थांब," मी म्हणाले.

ती थांबली. दादाही थांबला. कशासाठी थांबवलं ते मला अजून ठरवायचं होतं, म्हणून मी सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही केल्या आत जाईना. आणि ते दोघं, कधी नव्हे ते हात खाली सोडून, माझ्याकडे बघत उभे.