शंभरचा आकडा

पडद्यावर वाहतं रक्त पांढरं दिसतं. दादाच्या डाव्या मांडीत ते पांढरं होतं आणि गुडघ्याखाली सगळं करडं. धाकटीने स्कॅन पुन्हा घेतला. पुन्हा करडं.

धाकटी बारा वर्षं हे एमआरआय मशीन चालवत होती. आत झोपलेला दादा तिचा थोरला भाऊ, उभा जन्म लोकांची छपरं दुरुस्त करण्यात घालवलेला. मूत्रपिंडं अधू, म्हणून नसा उठून दिसण्यासाठीचं रंगाचं इंजेक्शन द्यायची सोय नव्हती. जो काय निकाल, तो या स्कॅनचाच. सर्जनबाईंनी सकाळीच स्पष्ट सांगितलं होतं, खाली रक्त पोचत असेल तर नस मोकळी करू. नसेल तर एक वाजता पाय कापायचा.

"काय गं, सापडला का माझा पाय?" आतून दादाचा आवाज आला. "की घरीच विसरलो?"

"हलू नकोस." एवढंच तिच्या तोंडून फुटलं.

सर्जनबाई आल्या, पडद्याकडे पाहून त्यांनी मान हलवली. "संमतीची सही घेऊन टाका. सव्वाबारा झालेत."

धाकटीला काही सुचेना. सकाळी तिनेच त्याचा मोजा काढला होता. बोटं थंड होती, पण मेलेली वाटली नव्हती. असं कसं? तिची नजर पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर गेली. तिचंच अक्षर: "वेग १००".

रक्त जास्तीत जास्त किती वेगाने धावेल, हे मशीनला आधी सांगावं लागतं. सेकंदाला शंभर सेंटीमीटर हा आकडा धडधाकट पायाला ठीक. पण रक्त नुसतं सरपटत असेल तर? लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर चिमूटभर मीठ तोलल्यासारखं. काटा हलणारच नाही.

"मॅडम, दहा मिनिटं द्या."

"भाऊ आहे म्हणून जीव तुटतो, कळतं मला, पण..."

"भाऊ आहे म्हणून नाही. आकडा चुकलाय. माझा."

तिने शंभरचे दहा केले. मशीन खडखडू लागलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्या लोखंडी धुडाला हात जोडले.

चित्र उमटलं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत केसाएवढी पांढरी रेघ.

"अहो, आहे की रक्त!" सर्जनबाईंनी फोन उचलला. "कापायचं नाही. नस मोकळी करायची तयारी ठेवा."

धाकटी ढसाढसा रडली. मग तिने ती चिठ्ठी ओरबाडून काढली. चिकटपट्टी पिवळी पडली होती. वेळ वाचावा म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनेच लावलेली; तेव्हापासून आला पाय की भर शंभर.

आणि तिचा हात तसाच राहिला.

गेल्या महिन्यात एक म्हातारा पोस्टमन आला होता. त्याचीही मूत्रपिंडं अधू, त्याचंही गुडघ्याखाली करडं. "बाई, अजून एकदा बघता का?" तो काकुळतीला येऊन म्हणाला होता. "बोटं हलतात हो माझी." बाहेर रांग होती. "मशीन खोटं बोलत नाही, काका," असं म्हणून तिने पुढच्याला हाक मारली होती. दुसऱ्या दिवशी त्याचा पाय कापला गेला.

सर्जनबाई दारापर्यंत पोचल्या होत्या.

"मॅडम, थांबा," धाकटी म्हणाली. "ते पोस्टमन काका... त्यांच्या वेळीही मी शंभरच भरले होते."

सर्जनबाई वळल्या.

"अगं ए," आतून दादा ओरडला, "सापडला ना पाय? मग काढ की मला बाहेर!"