बारा इंच आणि एक सूत

मी एक जुनी चेन आहे. सायकलींच्या दुकानात खिळ्याला लटकते. मित्रांनो, गोड गोष्ट हवी असेल तर घंटीकडे जा. मी संतापलेली आहे आणि हा राग मी गिळणार नाही.

नवी होते तेव्हा माझ्या कुठल्याही सलग चोवीस पिना बरोबर बारा इंचांत बसत. मला एका परिचारिकेच्या सायकलला जोडले. ती घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची मलमपट्टी करी. चढ असो, खड्डे असोत, मी तिला कधी उशीर होऊ दिला नाही. "काय गुणाची चेन आहे!" असे ती म्हणायची आणि मी फुगून जायचे.

सायकलची काळजी तिचे सासरे घेत. ते शिंपी होते. दर रविवारी मला पुसत, तेल देत, चकचकीत करत. तेल चांगलेच हो! पण माझ्या पिना आतून झिजत होत्या आणि मी लांबत होते. लांबलेली चेन मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीच्या, म्हणजे फ्रीव्हीलच्या, दातांत नीट बसत नाही, ते दात कुरतडत जाते. गळ्यात टेप अडकवून या माणसाने गावभरची मापे घेतली, माझे एकदाही घेतले नाही!

शेवटी मी चढावर कटकट करू लागले. दुकानातल्या मेकॅनिकबाईंनी मला पट्टी लावली.

"आजोबा, ही एक सूत लांबलीय. इंचाचा आठवा भाग. अर्ध्या सुतालाच बदलायला हवी होती. आता फ्रीव्हीलही गेलं. दात बघा, कसे टोकदार झालेत."

"अहो, एक सूत म्हणजे काय! एवढं तर कापड धुतल्यावर आटतं," आजोबा हसले. "फ्रीव्हील कसं लखलखतंय. नुसती चेन टाका."

"नवी चेन जुन्या दातांवरून घसरेल."

"घसरली तर तेल घालीन की!"

तेल! मला तोंड असते तर मी तिथेच किंचाळले असते. बाईंनी कपाळाला हात लावला, नवी चेन बसवली आणि मला खिळ्याला अडकवले.

चौथ्या दिवशी आजोबा सायकल ढकलत आले. मागे सूनबाई, हात प्लास्टरमध्ये. चढावर तिने पेडलवर जोर दिला, चेन दातांवरून सटकली आणि ती रस्त्यावर आपटली.

"हल्लीचा मालच भिकार!" आजोबा ओरडले.

माझे अंग जळले. ते दात मी खाल्ले होते आणि बोल त्या बिचाऱ्या नव्या चेनला!

"बाबा," सूनबाई म्हणाली, "गिऱ्हाइकाची कॉलर एक सूत चुकली तरी तुम्ही अख्खी शिवण उसवता. आता सहा आठवडे माझ्या म्हाताऱ्यांच्या जखमा कोण धुणार?"

आजोबांनी गळ्यातला टेप काढला, माझ्याजवळ आले, चष्मा सावरून चोवीस पिना मोजल्या. बारा इंच आणि एक सूत.

"फ्रीव्हील बदला," ते कसेबसे म्हणाले.

आता दर महिन्याला ते नव्या चेनला टेप लावतात म्हणे. चांगले आहे. पण मित्रांनो, माझे पहिले माप त्यांनी घेतले ते मी खिळ्यावर आल्यावर. तुमची चेनही चकचकीत असेल. आज घरी गेलात की तिला पट्टी लावा.