पान सत्तेचाळीसवरची शाई

मी लायब्ररीच्या पुस्तकावर लिहिलं. पेन्सिलीने नाही, शाईने. खाली नाव घातलं, सभासद क्रमांक घातला. लपवायचं असतं तर नाव कशाला घातलं असतं? तरी सेक्रेटरीने फळ्यावर नोटीस लावली, त्यात शब्द होता 'विद्रूपीकरण'. मला तो डिक्शनरीत बघावा लागला. बघितला आणि डोकं आणखी फिरलं.

साल त्र्याऐंशी. वाशीत इमारती नव्या, रस्ते रुंद आणि रिकामे. मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला हेल्पर. हेल्पर म्हणजे वायरमन शिडीवर चढतो आणि आपण शिडी धरतो. सात वर्षं शिडी धरली. खालून बघून बघून सगळं काम शिकलो, पण परवाना नाही तोवर बोर्डाला हात लावायचा नाही. परवान्याला परीक्षा आणि परीक्षेला पुस्तक. माझं शिक्षण सातवी, तेही परभणीकडच्या एका खेड्यात. तिथल्या शाळेत आम्हाला पुस्तक लांबूनच दाखवायचे, देवळातल्या मूर्तीसारखं.

राहायला मी बोनकोड्याला, भाड्याच्या खोलीत. पहिली पाळी सुटली की सायकल मारत वाशीला यायचो. एका सोसायटीच्या तळमजल्यावर लायब्ररी होती, पाच ते सात उघडी. बाहेरच्या माणसांनाही सभासद करून घ्यावं हा ठराव मालतीबाईंनी भांडून पास करून घेतला होता. मालतीबाई रिटायर्ड शिक्षिका, लायब्ररी सांभाळायच्या. मी सभासद नंबर एकशे अठरा.

त्या लायब्ररीत दोन कपाटं भरून आत्मविकास होता. पहाटे उठा, हसतमुख राहा, जिभेवर साखर ठेवा, साहेबाला जिंकून घ्या, स्मरणशक्ती वाढवा. मी त्यातली अकरा वाचली. साहेबाकडे बघून हसलोही. साहेब म्हणाला, "दात काय काढतोस? शिडी धर."

तिसरं कपाट काचेचं, कुलूपवालं. त्यावर पाटी 'संदर्भ'. त्या कपाटातली पुस्तकं घरी न्यायची नाहीत, तिथेच बसून वाचायची. त्यात वायरमनच्या परीक्षेचं जाडजूड गाईड होतं. आवृत्ती संपलेली, दुकानात कुठे मिळत नव्हतं. मग मी रोज दोन तास बसून ते वहीत उतरवून काढायचो, आकृत्यांसकट. परीक्षा जूनमध्ये. मार्च संपेपर्यंत अर्धं झालं होतं.

आता पान सत्तेचाळीस. लायब्ररीत एक सूचना-वही असायची. कुठली पुस्तकं हवीत ते सभासदांनी त्यात लिहायचं आणि कमिटीने निवड करायची. मी लिहिलं होतं, 'घरातल्या वायरिंगचं सोपं पुस्तक आणा. लोक बिनधास्त कुठेही हात घालतात.' कमिटीने ऐकलं. म्हणजे बाजारात जे सगळ्यात खपत होतं ते आणलं, तीन प्रती. कव्हरवर टाय लावलेला माणूस हातात पक्कड धरून हसतोय. आठवी आवृत्ती. माझ्या मागणीवरून पुस्तक आलं म्हणून मी आठवडाभर छाती काढून फिरलो. उघडून बघितलं नाही. चूक माझी. लिहून ठेवतो.

एप्रिलमध्ये वैजयंतीवहिनी लायब्ररीत आल्या, डावा हात प्लास्टरमध्ये. त्या त्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. नवरा नंदकिशोर बँकेत, शिवाय लायब्ररीच्या कमिटीवर.

"काय झालं वहिनी?"

"काय होणार, वेंधळेपणा माझा. बाथरूममधला बल्ब बदलत होते. झटका बसला, स्टुलावरून खाली."

"बटण चालू ठेवलंत?"

"अहो, बंद केलं होतं! दोनदा बघितलं. हे म्हणतात, शक्यच नाही, तूच विसरली असशील. आता मलाही वाटायला लागलंय तसंच."

"बाथरूमचं वायरिंग कोणी केलं?"

"ह्यांनीच. तुमच्या त्या पुस्तकात बघून." त्या हसल्या. "हा दारावरचा बल्बसुद्धा ह्यांनीच बसवला, गेल्या रविवारी. श्रमदान."

तुमच्या पुस्तकात. मी उठलो, शेल्फावरून पुस्तक काढलं, पानं उलटली. पान सत्तेचाळीस, 'एक दिवा, एक बटण'. आकृतीत बटण न्यूट्रलच्या तारेवर दाखवलं होतं.

ज्याला कळत नाही त्याच्यासाठी सांगतो. फेजच्या तारेत करंट असतो, न्यूट्रलमधून तो परत जातो. बटण फेजवर असलं तर बंद केल्यावर करंट बटणापाशीच थांबतो. न्यूट्रलवर असलं तरी दिवा विझतोच, पण होल्डरमध्ये करंट तसाच बसून राहतो, तुमच्या बोटाची वाट बघत. आठ आवृत्त्या निघाल्या आणि ही चूक कुणाला दिसली नाही. नाहीतर दिसली आणि कुणी तोंड उघडलं नाही.

मी खिशातलं पेन काढलं. आकृतीवर फुली मारली. समासात बरोबर आकृती काढली आणि लिहिलं : 'ही आकृती चुकीची आहे. बटण नेहमी फेजवर. नाहीतर जीव जाईल. किसन गायकवाड, सभासद क्र. ११८.' बाकीच्या दोन प्रती वाचायला गेलेल्या होत्या. मालतीबाईंना सांगितलं, त्या आल्या की मला द्या. वहिनींनाही सांगितलं, ती तार बदलेपर्यंत मेन स्विच बंद केल्याशिवाय बल्बला हात लावू नका.

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मी विसरले नव्हते."

चार दिवसांनी नोटीस. पुढच्या रविवारी संध्याकाळी मला कमिटीपुढे बोलावलं. तोवर त्या दोन प्रतीही परत आल्या होत्या आणि टेबलावर तिन्ही मांडून ठेवल्या होत्या, खुनाच्या केसमधल्या सुऱ्यासारख्या. सेक्रेटरी श्यामसुंदर टिपणीस, सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. शेजारी नंदकिशोर. कोपऱ्यात मालतीबाई. मला स्टूल.

"किसन, हे तू केलंस?" टिपणीससाहेब मला अरे-तुरे करायचे, मी त्यांना अहो-जाहो. वयाने मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा.

"नाव लिहिलंय ना साहेब."

"नियम सात वाचलायस?"

"वाचलाय. पुस्तकावर लिहिणाऱ्याचं सभासदत्व रद्द. साहेब, तुम्ही पान सत्तेचाळीस वाचलंय?"

"विषय तो नाही."

"विषय तोच आहे."

"अरे, आठवी आवृत्ती आहे! लेखक इंजिनीअर आहेत. हजारो लोकांनी घेतलंय पुस्तक. आणि तू सातवी पास, तू त्यांची चूक काढणार?"

"शिडी धरायला सातवी चालते, चूक बघायला चालत नाही?"

टिपणीस हसले. आत्मविकासाच्या दोन कपाटांतलं हसू. "हे बघ, कमिटीला तुझं वाईट करायचं नाही. तुमच्या लोकांना वाचायची संधी मिळावी म्हणून तर आपण बाहेरचे सभासद घेतले. माफीचे दोन शब्द लिहून दे. आणि हे घेऊन जा, शांतपणे वाच." त्यांनी एक पुस्तक पुढे सरकवलं. रागावर ताबा कसा मिळवावा ह्या विषयावरचं.

ते 'तुमच्या लोकांना' मला ऐकू आलं. मालतीबाईंनाही आलं, त्यांनी चष्मा काढला. पण मी त्यावर अडलो नाही. तसल्या शब्दावर अडत बसलो असतो तर परभणीच्या एस.टी. स्टँडच्या पुढे आलोच नसतो.

"माफी नंतर," मी म्हटलं. "आधी एक काम करू. हा दारावरचा बल्ब नंदकिशोरसाहेबांनी बसवलाय ना? बटण बंद करा."

"हा काय तमाशा आहे?"

"बटण बंद करा साहेब. तुम्ही स्वतः करा, म्हणजे मी विसरलो असं कुणी म्हणणार नाही."

दारात वैजयंतीवहिनी उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. टिपणीस काही उठले नाहीत. वहिनींनीच उजव्या हाताने बटण बंद केलं. दिवा विझला. मी स्टूल दारावरच्या बल्बखाली ओढलं, चढलो, कोरडं फडकं हाताला गुंडाळून बल्ब काढला. खिशातला टेस्टर होल्डरमध्ये लावला आणि हाताची ओंजळ करून सगळ्यांना दाखवला.

टेस्टर लाल पेटलेला.

"बटण बंद आहे," मी म्हटलं. "ह्याला कुणी हात लावायला येतंय का? आठवी आवृत्ती आहे."

नंदकिशोर उठून जवळ आले. त्यांनी टेस्टरकडे बघितलं, बटणाकडे बघितलं. मग बायकोच्या प्लास्टरकडे बघितलं. "मी... पुस्तकात बघूनच केलं होतं," ते म्हणाले.

"आणि मला वेंधळी म्हणालात," वहिनी म्हणाल्या. "तीन आठवडे."

मी स्टुलावरून उतरलो. वाटलं, संपलं. आता निदान म्हणतील की पुस्तक काढून टाका. टिपणीसांनी घसा साफ केला.

"ठीक आहे. चूक असेलही. प्रकाशकाला पत्र लिहू. पण," बोट त्या पानावर ठेवून ते म्हणाले, "शाईचं काय?"

खरंच असं म्हणाले. माणूस मरू शकतो हे डोळ्यांनी बघून झाल्यावर.

"आज एक खपवून घेतलं तर उद्या जो तो पुस्तकं सुधारत बसेल. शिस्त म्हणून काही आहे की नाही? किसन, दोन ओळी लिहून दे, विषय संपला. तुझं ते गाईड आहे ना कपाटात? परीक्षा आहे ना तुझी?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. माझी मान कुठे अडकलीय ते बरोबर माहीत होतं. गाईडची शेवटची पाच प्रकरणं राहिली होती, मोटरचं प्रकरण धरून, आणि परीक्षेला दोन महिने. दोन ओळी लिहिल्या असत्या तर काय झालं असतं? काही नाही. खरं लिहिणारा हात तेवढा वाकडा झाला असता.

मी पेन काढलं. टिपणीसांनी कोरा कागद पुढे केला. मी तो बाजूला सारला. दुसरी प्रत ओढली, पान सत्तेचाळीस काढलं, फुली मारली, आकृती काढली, लिहिलं, सही केली. मग तिसरी. निब कागदावर घासत होती तेवढाच आवाज.

"तू काय करतोयस ते कळतंय तुला?" टिपणीस ओरडले.

"हो साहेब. एकात लिहिलं आणि दोनांत नाही तर काय उपयोग? माणूस कुठली प्रत उचलेल सांगता येत नाही."

सभासदाचं कार्ड टेबलावर ठेवलं. रागाचं पुस्तकही तिथेच ठेवलं. जाताना दारावरच्या होल्डरला चिकटपट्टी लावली आणि नंदकिशोरना सांगितलं, उद्या पाळी सुटल्यावर येतो, दोन्ही ठिकाणची तार बदलू, तुम्ही मेन बंद करा. ते "हो" म्हणाले. कमिटीतला माणूस माझ्याशी खालच्या आवाजात बोलतोय हे पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बाथरूमची तार बदलत होतो तेव्हा वहिनींनी विचारलं, "ते गाईड कुठपर्यंत उतरवलंत?" मी प्रकरण सांगितलं. त्या सोमवारपासून त्या रोज पाचला खाली जाऊन बसायला लागल्या, काचेच्या कपाटातून गाईड काढून घेऊन. टिपणीसांनी हटकलं म्हणे, "वहिनी, तुम्हाला काय करायचंय वायरमनचं?"

"मला बाथरूममध्ये जिवंत राहायचंय," त्या म्हणाल्या आणि लिहीत राहिल्या.

अक्षर त्यांचं मोत्यासारखं. पण आकृत्या म्हणजे देवाची करणी. एका आकृतीत अर्थिंगची तार जमिनीत जायच्या ऐवजी छताकडे निघाली होती. मी तोंडावर सांगितलं, वहिनी, हे चुकीचं आहे. त्या म्हणाल्या, "मग शिकवा ना." शिकवलं, त्यांच्याच घरी बसून. नंदकिशोरही येऊन बसायचे. मोटरचं प्रकरण परीक्षेच्या आदल्या दिवशी हातात आलं. वाचून झालं नाही. नापास झालो. पुढच्या वर्षी पास झालो.

कारखान्यातले लोक अजून म्हणतात, दोन ओळी लिहून दिल्या असत्यास तर एक वर्ष वाचलं असतं. बरोबर म्हणतात. वर्ष गेलं. पण ते माझं होतं, मी घालवलं.

त्या तीन प्रतींचं काय झालं तेही सांगतो. कमिटीने ठराव केला की 'सदर विद्रूप मजकुरावर पांढरा कागद चिकटवून पुस्तकं पुन्हा वाचनास द्यावीत.' काम मालतीबाईंवर आलं. त्यांनी कात्री घेतली, खळ घेतली, तीन चौकोनी कागद कापले आणि तिन्ही प्रतींत छापलेल्या आकृतीवर चिकटवले. माझ्या शाईला हात लावला नाही. ठरावाच्या वहीत लिहिलं, 'कार्यवाही पूर्ण.' टिपणीससाहेब सेक्रेटरी होते तोवर हे त्यांना कळलं नाही. कळण्यासाठी पान उघडावं लागतं.