दोन नंबरच्या पंपाची तक्रार

सासरे निवृत्त झाले तेव्हा पाणीपुरवठा केंद्रातल्या मंडळींनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. गाडीतून घरी येईपर्यंत त्यांनी ते उघडलं होतं.

"दिवसाला पाच सेकंद मागे पडत असणार हे," त्यांनी सुनेला सांगितलं.

त्यानंतर ते घड्याळ मागेही पडलं नाही आणि पुढेही गेलं नाही. जे थांबलं ते थांबलंच. सूनबाईनं त्याच दिवशी ओळखलं, की आता आपलं काही खरं नाही.

चौतीस वर्षं त्या माणसानं शहराला पाणी चढवलं होतं. खिशात कायम एक पाना, म्हणून कामगार त्यांना पानासाहेब म्हणत. तोंडावर नुसतं साहेब, पाठीमागे आणखी बरंच काही. चौतीस वर्षं हा माणूस दिवसभर घराबाहेर होता म्हणून घर टिकलं, असं सूनबाईचं स्पष्ट मत होतं. सासूबाई आधीच सुटल्या होत्या. नवरा औषधांच्या दुकानात. सकाळी नऊला डबा घेऊन जो सटकायचा तो रात्री जेवायलाच उगवायचा. म्हणजे तावडीत सापडणार कोण? तर ही. कारण तिचं शिवणकाम घरातच, पुढच्या खोलीत.

पहिल्या वर्षात त्यांनी न्हाणीघरातले नळ सुधारले. गरम पाण्याचा नळ उलटा फिरवायचा, गारचा सुलटा, आणि दोन्ही एकदम सोडले तर कुठलंच पाणी येत नसे. मग दारावरची घंटा सुधारली. ती पाहुणा आला की वाजेना, पाहुणा गेला की वाजे. नात तेव्हा चार वर्षांची होती. तिला वाटायचं घंटा अशीच असते.

"बाबा, हात जोडते, माझ्या मशीनला हात लावू नका," सूनबाईनं बजावलं.

"मी कशाला लावू? नुसतं तेल घातलंय."

त्या तेलाचे डाग एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटावर उमटले आणि घरात आठवडाभर अबोला झाला. अबोला सासऱ्यांच्या लक्षात आला नाही, कारण बोलत तेच असायचे.

अशी भांडत भांडत वर्षं गेली. नात पंधरा वर्षांची झाली, सासरे एकाहत्तरचे. आणि एका दुपारी ते डाव्या कुशीवर आडवे झाले होते ते ताडकन उठून बसले.

"दोन नंबरचा पंप," ते म्हणाले. "बेअरिंग जातंय त्याचं."

पाणीपुरवठा केंद्र घरापासून अडीच किलोमीटरवर. सूनबाईनं सुई दातांत धरूनच विचारलं, "इथून ऐकू येतं?"

"पाइपातून येतं. घुस्स... घुस्स... घुस्स. तू कान दे."

त्यांनी स्वयंपाकघरातल्या पाइपाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं, मूठ कानाला टेकवली आणि डोळे मिटले. मग सुनेला तसंच करायला लावलं. तिला फक्त शेजारणीचा रेडिओ ऐकू आला.

दुसऱ्या दिवसापासून केंद्रात फोन सुरू झाले. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, औषधाच्या गोळ्या असाव्यात तसे. तिसऱ्या आठवड्यात तिकडच्या लोकांनी त्यांचा नंबर बंद करून टाकला. मग त्यांनी सुनेचा फोन वापरला. तोही बंद झाला. तेव्हा त्यांनी एका गिऱ्हाइकाचा फोन मागितला. बिचारी पडद्याआड मापं देत होती. सूनबाईनं हातातली टेप खाली टाकली.

"चला," ती म्हणाली. "उठा. एकदाचं काय ते तोंडावर सांगून या. मी येते बरोबर."

केंद्रात आता एक नवी इंजिनिअर होती. तिशीची, डोक्यावर पिवळी टोपी, हातात कंपनं मोजायचं यंत्र. बोलायला नम्र होती, पण तिचा नम्रपणा दारात उभा राहून वाट अडवणाऱ्यातला.

"आजोबा, मी स्वतः मोजलंय. पंप उत्तम आहे."

"यंत्राला कान नसतात."

"तुमच्या वेळची गोष्ट वेगळी होती, आजोबा. आता तुम्ही घरी आराम करायचा."

सासरे काहीच बोलले नाहीत. टोपी काढावी तसा त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली घेतला. इतक्या वर्षांत सूनबाईनं त्यांना गप्प झालेलं पाहिलं नव्हतं. हा चमत्कार कधीतरी घडावा म्हणून तिनं काय काय केलं होतं! आणि आता तो घडला तर तिच्या डोक्याची शीर तडतडली.

"ओ बाई," ती म्हणाली, "आराम करायचा की नाही ते आम्ही बघू. या माणसानं माझ्या घरातला एक नळ धड ठेवलेला नाही. पण चौतीस वर्षं या शहरात सकाळी पाणी आलं नाही असं झालंय का? झालंय तर सांगा. नसेल तर बाजूला व्हा आणि त्यांना कान लावू द्या."

नवी इंजिनिअर बाजूला झाली.

सासऱ्यांनी दोन नंबरच्या पंपाला स्क्रू ड्रायव्हर टेकवला, कान लावला. "आहे," ते म्हणाले. "स्पष्ट आहे. घुस्स, घुस्स."

"ठीक आहे," इंजिनिअर म्हणाली. "पूर्ण बंद करून बघू." तिनं शेजारचा राखीव पंप चालू केला, मग दोन नंबरचा बंद केला. पंपाची चाकं फिरत फिरत मंदावली आणि थांबली. "आता?"

सासरे ऐकत राहिले.

"अजून येतोय."

"बंद आहे हो तो."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला. कान हातानं झाकला. मग हळूच दुसऱ्या हाताची बोटं मनगटावर ठेवली आणि ओठ हलवत काहीतरी मोजलं. सूनबाईला त्यांचा चेहरा दिसत होता. गणित चुकलेलं नव्हतं, पुस्तकच दुसरं निघालं होतं, असा चेहरा.

"माफ करा हं," ते इंजिनिअरला म्हणाले. "आवाज बरोबर ओळखला होता मी. मशीन चुकलं. हा माझाच आहे."

डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की हृदयाची एक झडप आकसली आहे. रक्त त्यातून जोर लावून जातं, त्याचा आवाज यांना कानात ऐकू येतो.

"झडप म्हणजे व्हॉल्व्हच ना?" सासरे इतके खूश झाले, की नवऱ्याला शरमेनं कुठे बघावं कळेना. "मग बदलून टाका."

"मूत्रपिंडं तो ताण घेणार नाहीत, आजोबा."

"म्हणजे सुटे भाग आहेत, पण चॅसिस गेलीय. किती चालेल?"

"वर्षभर. कदाचित कमी."

"कमी म्हणजे किती कमी? तुमच्या धंद्यात मोजमाप असं अंदाजपंचेच असतं का?"

ते सात महिने चालले. शेवटचे दोन महिने त्यांची खाट पुढच्या खोलीत, शिवणयंत्राशेजारी आली, कारण मागच्या खोलीतून हाका मारून त्यांना धाप लागे आणि धावून सुनेला. जवळ आल्यावर हाका थांबल्या, सूचना वाढल्या. नात शाळेतून आली की तिच्याकडून ते कागदावर घराच्या सगळ्या पाइपांचा नकाशा काढून घेत. सूनबाई त्यांना अंघोळ घाली, दाढी करून देई, आणि दाढी करतानाही त्यांचं तोंड बंद नसे म्हणून दोनदा गाल कापला गेला.

"मुद्दाम कापतेस."

"मुद्दाम कापलं असतं तर एकदाच कापलं असतं."

यावर ते इतके हसले, की ऑक्सिजनची नळी लावावी लागली.

एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती कुणाच्या तरी पँटची घडी शिवत होती. सासरे उशांना टेकून बघत होते.

"धागा ढिला आहे तुझा," ते म्हणाले.

"बाबा, जरा गप्प पडा हो."

ते गप्प पडले. तिनं घडी संपवली, धागा तोडला, दुसरी बाजू घेतली आणि तीही संपवली. मग तिला ती शांतता ऐकू आली. बावीस वर्षांत त्यांनी तिचं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

ती उठली नाही. पँट मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिली. मग नवऱ्याच्या दुकानात फोन केला.

पुढचे दोन दिवस घरात माणसं मावेनात. लांबचे, जवळचे, केंद्रातले जुने कामगार. सगळ्यांचे चेहरे लांब आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, की देवमाणूस गेला, मुंगीला कधी दुखवलं नाही. सूनबाई ऐकून घेत होती, चहा देत होती. शेवटी एका मामेसासऱ्यांनी "किती शांत स्वभाव!" म्हटलं तेव्हा तिच्या हातातला ट्रे वाजला.

"शांत? कोण शांत? तुम्ही चुकीच्या घरी आला आहात, मामा."

कोपऱ्यातला एक म्हातारा कामगार फस्सकन हसला. त्यानं सांगितलं, साहेबांनी एकदा मंत्र्यांच्या पाहणीच्या वेळी मंत्र्यांनाच पाना धरायला दिला होता आणि पाऊण तास सोडलं नव्हतं. मग दुसऱ्यानं काही सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या दुरुस्त केलेल्या इस्त्रीबद्दल सांगितलं आणि हाताचा डाग दाखवला. तेवढ्यात ती नवी इंजिनिअर आली. दारातच थबकली; मयताच्या घरी लोक डोळे पुसत हसत होते.

"ते गेल्यावर मला चैन पडेना," ती सूनबाईला म्हणाली. "म्हणजे त्या दिवशी केंद्रातून घरी गेल्यावर. मी दोन नंबरचा पंप अख्खा उघडून पाहिला."

सगळ्यांनी कान टवकारले.

"काय निघालं?" नवऱ्यानं विचारलं.

"काहीही नाही. एकदम ठणठणीत. राखीव पंपानं मात्र दगा दिला. दोन दिवस शहराला पाणी नव्हतं."

"ते तुम्ही होय!" सूनबाई म्हणाली. "माझं धुणं तुंबलं होतं दोन दिवस! बसा. चहा घ्या."

चहा देऊन ती मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं नात आली तेव्हा आई खिडकीशी पाठमोरी उभी होती.

"आई, रडतेयस?"

"नाही. हवा यावी म्हणून खिडकी उघडत होते. तुझ्या आजोबांनी काय करून ठेवलंय देव जाणे, हलत नाही."

नातीनं आईचा चेहरा बघितला नाही, शहाणी होती. शेजारी येऊन उभी राहिली. दोघींनी मिळून जोर लावला, आणि खिडकीचं अख्खं दार बिजागऱ्यांसकट निखळून खाली अंगणात, मंडळींच्या चपलांच्या ढिगावर जाऊन पडलं.

खालून, निघायला म्हणून चपला शोधणाऱ्या मामेसासऱ्यांची किंकाळी ऐकू आली. मग त्यांना पोचवायला गेलेला नवरा जिना चढत धावत आला.

"काय झालं?"

"काही नाही," सूनबाई नाक पुसत म्हणाली. आता ती हसत होती, आणि तिला थांबता येत नव्हतं. "उद्या सुतार बोलाव. आणि हे बघ, ज्याला काम येतं असा बोलाव."